बेडकांची बादली

गोदाआत्याच्या घरात पाण्याची भांडी दारापासून चुलीपर्यंत ओळीनं मांडलेली असत. आधी रांजण, मग घागरी, मग पितळेचा हंडा, आणि सगळ्यात शेवटी मोरीच्या कडेला, कडीला सुतळी गुंडाळलेली एक पत्र्याची बादली. ती घरातल्या कुणाची नव्हती, बेडकांची होती. त्या दुष्काळात लातूर शहरात माणसं टँकरच्या मागं धावत होती, आणि आमच्या घरातून मात्र रोज संध्याकाळी एक बादली पाणी सायकलला अडकवून कॉलेजात बेडकांसाठी जात होतं. हे मी आता नातवाला सांगतो तेव्हा त्याला हसू येतं. आत्याला तेव्हा येत नव्हतं.

आत्याचे यजमान, ज्यांना मी मामाच म्हणायचो, डाळ मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, कान, मनगटावरचे केस, सगळं तुरीच्या पिवळ्या भुकटीनं माखलेलं असायचं. धुवायला पाणी नसायचं. मामा अंगणात उभे राहून कोरड्या फडक्यानं अंग झाडायचे आणि आत्या म्हणायची, "झाडा झाडा, तेवढीच डाळ घरात." मिलमधून मिळणाऱ्या चुरीचं वरण, ज्वारीची भाकरी आणि पाट्यावर रगडलेली शेंगदाण्याची चटणी हे आमचं रोजचं जेवण. त्या चुरीच्या वरणाला जो वास होता तो पुढं चांगल्या डाळीच्या वरणाला मला कधीच आला नाही. जेवताना मिलच्या पट्ट्याची फटफट ऐकू यायची, आणि मध्येच ती थांबली की वस्तीतली सगळी माणसं कान टवकारायची, कारण त्या शांततेत लांबून येणाऱ्या टँकरचा आवाज आधी कळायचा. मग एकदम घागरींचा खडखडाट. आत्या पदर खोचून धावायची. एरवी गुडघ्याला हात लावून उठणारी ही बाई टँकर आला की पोरींच्या पुढं असायची.

"बेडकाला पाजायला पानी हाय आन् माझ्या लुगड्याला न्हाई," ती म्हणायची. "काय शिकायलास रे बाबा तू?"

"नसा शिकायलोय आत्या."

"वैदू नाडी बगतेत तसं?"

"न्हाई. अंगात वीज असती. ती नसांतून कशी जाती ते."

आत्यानं दाराबाहेरच्या खांबाकडं बघितलं. तिथला दिवा कित्येक दिवस लागला नव्हता. "हितं खांबावर न्हाई, आन् अंगात हाय म्हन." मग स्वतःच उठून तिनं बेडकांची बादली भरली, घागरीच्या आधी. "शिकायचं म्हनल्यावर द्यायलाच लागतंय," एवढंच बोलली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पुस्तकं ठेवायला आत्यानं एक फळी ठोकून घेतली होती आणि त्या फळीवर घरातलं दुसरं काहीही ठेवायला कुणाला परवानगी नव्हती.

बेडकांचं काम मला निटूरकर सरांनी मिळवून दिलं होतं. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेतला शिपाई निवृत्त झाला होता आणि नवा यायचा होता. तोवर काचेची भांडी धुणं, बेडकाच्या पायाची हालचाल नोंदवणाऱ्या फिरत्या ड्रमच्या कागदावर कंदिलाची काजळी धरणं आणि मागच्या सिमेंटच्या हौदातली बेडकं जगवणं हे मी करायचं, आणि त्याबद्दल माझी फी कॉलेजनं घ्यायची नाही, असं त्यांनी प्राचार्यांकडून कबूल करून घेतलं होतं. हे काम होतं म्हणून मी लातुरात होतो. ते गेलं तर मुदखेडला जाऊन वडिलांबरोबर रुळाखालची खडी ठोकायची, दुसरा रस्ता नव्हता. मुकादमानं वडिलांना तसं विचारूनही ठेवलं होतं.

सरांचं शिकवणं आजही माझ्या कानात आहे. मी पुढं शिक्षक झालो आणि जे काही बरं शिकवलं ते त्यांच्याच तासांतून उचललेलं आहे. ते म्हणायचे, नस म्हणजे तार नव्हे. तारेत वीज ढकलली की ती पलीकडं निघते आणि लांबवर जाता जाता मंद होते. नसेचं तसं नाही. चेतापेशीच्या आत एक क्षार जास्त, बाहेर दुसरा जास्त, आत पोटॅशियम, बाहेर सोडियम, मध्ये पातळ कातडं. त्या कातड्याला बारीक दारं. पेशी स्वस्थ बसलेली दिसते, पण खरं तर ती सतत राबत असते, आत शिरलेलं सोडियम बाहेर टाकत असते, म्हणूनच दोन्ही बाजूंना फरक टिकतो. कुणी हात लावला की एका जागची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि त्या धक्क्यानं शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. "रानात ज्वारीच्या धसकटाची ओळ पेटते तशी," सर म्हणायचे. "पहिल्या धसकटाचा जाळ शेवटच्यापर्यंत जात नाही. प्रत्येक धसकट स्वतः पेटतं. म्हणून शेवटचं धसकटही पहिल्याइतकंच जळतं. फरक एवढाच की नसेचं धसकट जळून संपत नाही, क्षणभर थांबून पुन्हा पेटायला तयार होतं."

दुसरी गोष्ट ते फळ्यावर काहीही न लिहिता सांगायचे. एक तंतू एक तर पेटतो किंवा पेटत नाही. अर्धवट पेटणं त्याला ठाऊक नाही. मग बेडकाच्या पायाला हलका झटका दिला तर पाय थोडा हलतो आणि जोराचा दिला तर जास्त हलतो, हे कसं? कारण पायाची नस म्हणजे एक तंतू नव्हे, शेकडो तंतूंची जुडी आहे. कुणी थोडक्यात उठतो, कुणाला जास्त हाक मारावी लागते. "एकटा तंतू मोठा होत नाही," सर म्हणायचे, "किती उठले त्यावर पायाची ताकद ठरते."

आणि मग साखळी. सर आम्हाला मैदानावर हातात हात देऊन उभं करायचे, डोळे मिटायला लावायचे. उजवा हात दाबला गेला की डाव्या हातानं शेजाऱ्याचा हात दाबायचा, एवढंच. पहिल्याचा हात सर दाबायचे आणि शेवटच्यानं हात वर केला की घड्याळ थांबवायचे. पहिल्या वेळी हसण्यात सगळं वाया गेलं. पण रोज करता करता तो दाब वाऱ्यासारखा जायला लागला. माझ्या डाव्या हाताला कायम शिवराज असायचा. तो औशाचा, घरचं किराण्याचं दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि हॉस्टेलला राहायचा. वर्गातही आमचा बाक एकच. तो माझ्या डब्यातली चटणी खायचा आणि मी त्याच्या घरून आलेल्या धपाट्यातला वाटा घ्यायचो. असं दुसरं कुणी माझ्याबरोबर करत नव्हतं, म्हणून शिवराजवर माझा फार जीव होता.

जिल्हा नवा होता. जिथं तिथं नव्या पाट्या, नवी कचेरी, नवे शिक्के. नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार आणि खुद्द कलेक्टर येणार असं ठरलं, तेव्हा सरांनी दोन गोष्टी दाखवायचं ठरवलं, बेडकाची नस आणि पोरांची साखळी. पण बेडकं आणायची कुठून? विहिरी आटल्या होत्या, बेडकं भेगांत खोल दडून बसली होती. मी वडिलांना निरोप पाठवला. मुदखेडला इंजिनात पाणी भरायचा मोठा नळ होता, तो गळायचा, आणि त्याखालच्या चिखलात दुष्काळातही बेडकं होती. वडील ती ओल्या पोत्यात घालून स्वतः एस.टी.नं घेऊन आले. "समदी जित्ती हायत," पोतं उघडताना ते म्हणाले. "कंडक्टर म्हनून राहिला होता, ह्याचं तिकीट काढा." सरांनी त्यांना खुर्ची दिली. वडील बसले नाहीत, पण ती खुर्ची ते पुढं कितीतरी वर्षं सांगत होते.

प्रदर्शनाच्या सकाळी मी लवकर कॉलेजात गेलो तर हौद कोरडा होता. तळाशी साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता. बेडकं सिमेंटला चिकटली होती, पाय ताणलेले, कातडी कागदासारखी. मोरीच्या भोकाशी शेवाळात दोन-तीन तेवढी हलत होती. मी आधी बोटानं एकेकाला हलवून बघितलं. मग तिथंच बसून राहिलो.

शिवराज मागून आला. पांढरा सदरा, केस ओले, चापून बसवलेले. माझ्याकडं बघून तो थबकला.

"आरं, किती दिस झाले अंघूळ न्हाई," तो म्हणाला. "आज कलेक्टर यायलेत. साखळीत घाण वास मारत हुबारायचं का? राती मी पयली बादली काढून ठिवली, मग समदेच आले, काही तितंच न्हाले. थोडं ठिवा म्हनलो होतो मी. ऐकलं न्हाई कुनी."

"ते माझ्या आत्याचं पाणी होतं शिवा."

उरलेली बेडकं त्यानं माझ्याबरोबर उचलली, हे मला सांगितलं पाहिजे.

प्रदर्शनात सरांनी त्यातल्यात्यात बरा बेडूक घेतला. मांडीतली नस मोकळी केली, मिठाच्या पाण्यानं ओली केली, तारा टेकवल्या. पाय हलला नाही. सरांनी जोर वाढवला. नाही. पुन्हा वाढवला. कलेक्टर हात मागं बांधून उभे होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बेडूकबी दुष्काळात गेला वाटतं," आणि मंडपात हशा झाला. सरांच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी साखळी मांडली. रांगेतून फिरताना त्यांनी शिवराजच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा, आज न्हाऊन आलास." डोळे मिटले. माझा उजवा हात दाबला गेला, मी डावा दाबला, शिवराजनं लगेच पुढं दिला. कुठं अडलं नाही. कलेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या केसांच्या त्या रांगेतून इतका झरझर निरोप त्याआधी कधी गेला नव्हता.

पण प्राचार्यांना बेडकावरचा तो हशा लागला होता. दुसऱ्या दिवशी चौकशी होणार हे कळलं. संध्याकाळी कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर हॉस्टेलची पोरं जमली. "समद्यांनीच काढलंय पानी," एकजण म्हणाला, "समद्यांना थोडंच काढून टाकतेत." शिवराजनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "मी पयला उठतो. मग बाकीचे आपोआप उठतेत, साखळीवानी. तू फकस्त कुनाचं नाव घेऊ नगंस. तू नाव घेतलास तर चुगली व्हईल. आमी उठलो तर ते आमचं." मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, घरी जाताना सायकल चालवताना मला आनंद झाला होता. एवढी पोरं माझ्यासाठी उठणार होती.

प्राचार्य वर्गात आले तेव्हा सर त्यांच्या मागं, जरा बाजूला उभे राहिले. मला उभं केलं.

"हौदाची जबाबदारी तुझी. पाणी कुठं गेलं?"

"मी नेलं नाही सर."

"तुमच्या वस्तीत पाणी नाही म्हणे. रोज सायकलला बादली बांधून फिरताना तुला लोकांनी पाहिलंय."

क्षणभर मला कळलंच नाही. मी पाणी आणत होतो, ते म्हणत होते नेत होतो. बादली तीच, सायकल तीच, रस्ता तोच. मी म्हणालो, "ते घरून आणत होतो सर, बेडकांना." वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. खरंच आहे, त्या दुष्काळात घरचं पाणी बेडकाला कोण घालील?

"खाली बस," ते म्हणाले. "आणखी कुणाला काही माहीत आहे?"

मी बसलो. शिवराजचा उजवा हात बाकावर माझ्या हाताशेजारी होता. मी तो धरला आणि दाबला. जसा मैदानावर दाबायचो, तसाच. त्याचा हात माझ्या हातात होता, ऊन होता, बोटांची नाडी लागत होती, पण तो हलला नाही. मी पुन्हा दाबला, जोरानं. मग त्यानं हात हळूच सोडवून घेतला, पेन उचललं आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. मी मागं वळून बघितलं. ज्यांच्याकडं बघितलं ते खाली बघत होते. प्रत्येकजण शेजारच्याची वाट बघत होता, आणि पहिलाच उठला नव्हता.

मी सरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय. खूप वर्षं मला तसंच वाटत राहिलं. मग हदगावला शाळेत एकदा पोरांची साखळी मांडताना एका पोराच्या ओल्या केसांवरून माझा हात फिरला आणि तो तसाच हवेत राहिला. सरांनी प्रदर्शनात स्वतःच्या हातानं ते ओले केस चाचपले होते. टँकरच्या शहरात, हॉस्टेलचा नळ कोरडा असताना, रांगच्या रांग न्हालेली. सर रोज आम्हाला म्हणायचे, नीट बघा, दिसलं ते बोला. त्यांना दिसलं नव्हतं असं मी कसं म्हणू? त्यांनी मला जे दिलं त्याचे उपकार मी मोजू शकत नाही, आणि ही एक गोष्ट मी विसरूही शकत नाही. दोन्ही एकाच माणसाबद्दलचं आहे, याचं काय करायचं ते मला या वयातही कळलेलं नाही.

काम गेलं. फी भरा नाहीतर नाव काढा, असं कार्यालयातून सांगितलं. शिवराज त्या दिवशी डब्याच्या वेळी दुसऱ्या बाकावर बसला.

तो मला मध्ये औशाच्या बाजारात भेटला. पोट सुटलेलं, केस पिकलेले, आवाज तोच मोकळा. दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यानं मला दुकानात ओढत नेलं, चहा मागवला, नातवंडांना पाया पडायला लावलं. "लई हुशार गडी," त्यानं मुलाला सांगितलं, "आमच्या वर्गात पयला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पर तू मधीच लातूर सोडून का गेलास रे?" मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. तो थट्टा करत नव्हता, लपवतही नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी म्हणालो, "घरची अडचण होती." त्यानं मान हलवली. "व्हय, तवा दुष्काळच तसा होता."

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले. परीक्षेला आणखी बेडकं लागतील असा निरोप मीच आधी पाठवला होता. ओलं पोतं त्यांनी अंगणात ठेवलं. माझी बांधलेली पेटी त्यांनी बघितली. आत्याला मी सांगितलं होतं की अभ्यासाची सुट्टी आहे, घरी जातो. तिनं नेहमीप्रमाणं बेडकांची बादली भरून ठेवली होती. "कालेजात पोचवून मंग जा की," ती म्हणाली. मी ती बादली उचलली आणि सगळं पाणी सावकाश त्या पोत्यावर ओतलं. आत पोत्यात हालचाल झाली. आत्यानं बघितलं, वडिलांनी बघितलं आणि पोतं पुन्हा उचललं.

नांदेडवरून मुदखेडला जाणारी एस.टी. मिळाली. पोतं वडिलांनी आमच्या दोघांच्या मध्ये, पायाशी ठेवलं. अहमदपूर गेल्यावर ते खिडकीकडं बघत म्हणाले, "कुनी काही म्हनलं का तुला?"

"हौदातलं पाणी चोरलं म्हणाले."

त्यांनी पंजानं गुडघा चोळला. "आक्काला सांगितलास का?"

"न्हाई."

"नगं सांगू," ते म्हणाले. "तिनं दिलंय ते."

आत्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं मी नांदेडला नाव घातलं, मुदखेडहून पॅसेंजरनं जाऊन-येऊन शिकलो आणि पदवी घेतली, तेव्हा तिनं वस्तीभर साखर वाटली आणि सांगितलं, माझ्या बादलीवर शिकलाय पोरगा.

पण त्या गाडीत हे काहीच माहीत नव्हतं. बाहेर रानं पांढरी पडली होती. मी डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात पोत्यातून एका बेडकानं माझ्या पोटरीवर लाथ मारली. थंड, ओली, पूर्ण ताकदीची. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मी पाय बाजूला घेतला नाही. मुदखेड येईपर्यंत तसाच लावून ठेवला.